आमोदची दुपारची झोप

यज्ञेश्वरांनी स्वतःला झोपलेले पाहिले ते आयुष्यात पहिल्यांदाच. सत्तरीला टेकलेल्या माणसाला स्वतःविषयी नवे कळण्यासारखे फारसे उरत नाही, अशी त्यांची समजूत होती. ती त्या मंगळवारी दुपारी, पुढ्यातले ताट अर्धे संपलेले असताना, एका जुन्या मोबाइलच्या तडा गेलेल्या काचेआड निमूटपणे मोडली. काचेत त्यांच्याच बिबवेवाडीच्या घरातली बाहेरची खोली होती. निळा पडदा, लोखंडी स्टँडला टांगलेला पाळणा, पाळण्यात सात महिन्यांचा नातू आमोद, आणि शेजारच्या वेताच्या खुर्चीत कुणी एक म्हातारा. म्हाताऱ्याची मान डाव्या खांद्यावर पडली होती. खालचा ओठ सुटला होता आणि त्याआड वरची कवळी किंचित खाली उतरली होती. हा कोण, असा प्रश्न त्यांना खरोखरच पडला. मग शर्टाच्या कोपरावरची शिवण ओळखीची वाटली, आणि हातातला घास त्यांनी ताटात परत ठेवला.

मोबाइल सुनेने दिला होता. स्पृहा आतल्या खोलीत बसून कंपनीचे काम करत असे. कानांवरचे हेडफोन गळ्यात ओढून ती मघाशी घाईने बाहेर आली होती. “बाबा, कालच्या दुपारचं रेकॉर्डिंग यात आहे. मला बघायला वेळच झाला नाही, आणि आता लागोपाठ मीटिंग आहेत. तुम्ही बघून ठेवा ना, हा नेमका कशाने उठतो ते. संध्याकाळी सांगा मला.” पुस्तकांच्या फळीवर मोबाइल उभा करून ठेवण्याची कल्पना मुळात तिची, पण कोन यज्ञेश्वरांनी ठरवला होता. “नुसता पाळणा नको, सगळी खोली येऊ दे,” असे त्यांनीच बजावले होते. “कारण कुठल्या बाजूने येईल, सांगता येत नाही.”

त्यांनी चित्र मागे नेले आणि पहिल्यापासून पाहिले. खुर्चीतला माणूस सुरुवातीला ताठ बसला होता. त्याच्या हातातली दोरी एका मापाने येत-जात होती आणि पाळणा आज्ञाधारकपणे हलत होता. आमोदच्या मुठी उघडल्या, म्हणजे तो झोपला. त्यानंतर बराच वेळ खोलीत काहीच घडले नाही. मग घडले ते इतके सावकाश, की पाहणाऱ्यालाही ते घडून गेल्यावरच कळावे. माणसाची हनुवटी खाली आली. मनगट मांडीवर टेकले. दोरी सैल पडली. पाळण्याचे झोके लहान लहान होत गेले आणि अखेर थांबले. आमोद तरीही झोपलेला होता. थोड्या वेळाने त्याने मान वळवली आणि डोळे उघडले. तो रडला नाही. पाळण्याच्या कडेवरून त्याने स्थिर लोंबणाऱ्या दोरीकडे पाहिले, आणि मग खुर्चीतल्या म्हाताऱ्याकडे. किती तरी वेळ, गंभीरपणे, एखाद्या अनोळखी माणसाकडे पाहावे तसे. त्यानंतर त्याचा ओठ थरथरला. रडण्याचा पहिला सूर निघताच खुर्चीतला माणूस दचकून जागा झाला आणि जागा होताहोताच इतक्या जोराने दोरी ओढू लागला, जणू ती कधी थांबलीच नव्हती. त्याने मान वर करून छताकडे रोषाने पाहिले.

तो रोष यज्ञेश्वरांना आठवत होता. “वरच्यांनी मिक्सर लावला,” असे त्यांनी काल स्पृहाला सांगितले होते. त्यात खोटे बोलण्याचा हेतू नव्हता. तो मिक्सर त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकला होता. पण रेकॉर्डिंगमध्ये मिक्सर नव्हता. लांबवर रिक्षा वळल्याचा आवाज होता, पंख्याची घरघर होती, आणि त्या घरघरीत आतापर्यंत पंख्याचाच वाटलेला एक दुसरा आवाज होता. तो त्यांच्या घोरण्याचा होता.

ताट उचलून त्यांनी मोरीत ठेवले, हात धुतले, आणि ओल्या हातांनी उगाचच खिडकीशी उभे राहिले. पुढल्या महिन्यापासून स्पृहाला आठवड्यातले काही दिवस ऑफिसात जावे लागणार होते. मुलगा केदार भल्या सकाळी मांजरी गावाकडच्या कारखान्यात जाई तो दिवेलागणीला परते. म्हणजे आमोद एक तर आजोबांकडे राहणार, नाही तर समोरच्या इमारतीतल्या दुर्गाबाईंच्या पाळणाघरात. स्पृहाने कधी धमकी दिली नव्हती, तिचा तो स्वभावच नव्हता. ती एवढेच म्हणाली होती, “दुपारची एक झोप जरी सलग झाली ना बाबा, तर मी निर्धास्त जाईन.” कारण ती झोप तुटली की आमोदची संध्याकाळ तुटायची. डोळे चोळत, कुणाच्याही अंगावर न टिकता, दिवे लागेपर्यंत तो किरकिरत राही. स्पृहा एका हाताने त्याला थोपटत दुसऱ्या हाताने कीबोर्ड बडवी. आणि ‘माझ्याच्याने एवढंही होत नाही’ हे यज्ञेश्वरांना वाटत असे, ते त्यांच्या तोंडावर कुणी म्हणत नसे.

सदाशिव पेठेतल्या दवाखान्यात ते दोघे मिळून गेले होते. डॉ. रुमाना तांबोळींनी आमोदचे वजन केले, त्याच्याकडून आपले पेन हिसकावून घेतले आणि हसून म्हटले, “आजोबा, या वयात दिवसाची झोप तुटकच असते. आपल्याला वाटतं, झोप म्हणजे अखंड चादर. ती असते गोधडी. एक तुकडा संपून दुसरा लागतो, त्या शिवणीवर मूल जरासं वर येतं, डोळे किलकिले करून बघतं. झोपताना होतं तसंच सगळं असेल, तर पुढच्या तुकड्यावर जातं. काही बदललेलं दिसलं की पुरतं जागं होतं. तुम्ही पलंगावर झोपलात आणि जाग आली तेव्हा अंगणात असलात, तर तुम्हीही ओरडालच की! हळूहळू जमतं त्यांना. यात कुणाची चूक नसते.” स्पृहाने त्यातले शेवटचे वाक्य मनाशी धरले, आणि दवाखान्याच्या जिन्यावर पदराने, म्हणजे ओढणीच्या टोकाने, डोळे टिपले. यज्ञेश्वरांनी मात्र त्याआधीचे वाक्य पकडले. काही बदललेले. काय बदलते ते शोधून काढले पाहिजे.

सारा जन्म हवामान खात्यात गेलेला. बदल शोधणे हाच त्यांचा धर्म होता. त्यांनी पडद्याला अस्तर लावून घेतले, कारण दुपारी ऊन सरकते. पाळण्याच्या कड्यांना तेल घातले. कुकरची शिटी झोपेआधी उरकायची असा नियम केला. दारावर सुवाच्य अक्षरांत पाटी लावली: ‘बाळ झोपले आहे. बेल वाजवू नये. वाजवल्यास बाळ आपल्याकडे देण्यात येईल.’ ती पाटी वाचून दुर्गाबाई जिन्यातच थांबल्या होत्या. “अहो, देण्यात येईल कशाला? द्याच! आमच्याकडे वरणभात पोटात गेला की सगळी पोरं ओळीने झोपतात.” “वरणभातात काय घालता?” यज्ञेश्वरांनी विचारले होते. “तूप,” दुर्गाबाई म्हणाल्या. “आणि मी जागी असते.” त्यावर दोघेही हसले होते. आता खिडकीशी उभे असताना ते हसणे त्यांना ऐकू आले, आणि कानांच्या पाळ्या गरम झाल्या. उष्णतामापक वाचताना निरीक्षकाने फार वेळ जवळ थांबू नये, त्याच्या अंगाची ऊब पाऱ्याला लागते, हा पहिल्या आठवड्यात शिकलेला नियम त्यांनी पुढे कितीक नव्या पोरांना शिकवला होता. आणि घरात त्यांनी ऊन मोजले, वारा मोजला, शेजाऱ्यांचा मिक्सर मोजला. खुर्चीत बसलेला माणूस तेवढा मोजायचा राहिला.

त्या काळी खात्यात त्यांच्याबरोबर हिंदुराव नावाचा एक कोल्हापूरकडचा गृहस्थ होता. जेवणाच्या सुट्टीत डबा खाऊन झाला की तो खुर्चीतच मान टाकायचा आणि सुट्टी संपायच्या सुमारास आपोआप उठायचा. यज्ञेश्वरांना त्या उघड्या तोंडाचा तिटकारा होता. माणसाने चारचौघांत जेवावे, हसावे, रडावेसुद्धा. पण झोपू नये, असे त्यांना वाटे. झोपलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर मालक नसतो. एकदा त्यांनी तसे बोलून दाखवले तेव्हा हिंदुराव रुमालाने तोंड पुसत म्हणाला होता, “आवो, झोप ही आणावी लागत न्हाई, येती, हे भाग्य हाय. तुमाला रातीच्याला पण अर्ज करावा लागत आसंल.” त्या वेळी तो नुसता टोमणा होता, कारण रात्री त्यांना झोप येत असे. म्हणजे पत्नी सरोजिनी विचारीपर्यंत ते जागे राहत. दिवा मालवल्यावर जरा वेळाने अंधारातून तिचा आवाज येई, “झोपलात का?” आणि ते म्हणत, “हो.” एवढा एक खोटारडेपणा रोज झाला, की दोघेही खरोखर झोपत. ती गेल्याला आता दोन वर्षे होत आली. विचारणारे कुणी नाही म्हणून उत्तर राहते, आणि उत्तर राहते म्हणून माणूस जागा राहतो; पहाटे दूधवाल्याची सायकल फाटकाला टेकेपर्यंत ते छताकडे पाहत पडून असत. डोळे चुरचुरत, हाडांत वाळू भरल्यासारखे वाटे, आणि तरी झोप म्हणून कुठे दिसत नसे. ती दिसत नसे, असे कालपरवापर्यंत ते शपथेवर सांगू शकले असते. आता त्यांना कळले, की ती रोज येत होती. भर दुपारी, दुधाचा आणि पावडरीचा वास असलेल्या त्या पाळण्यापाशी, हातात दोरी असताना, चोरपावलांनी ती येत होती आणि नातवाच्या झोपेतला तेवढाच भाग कापून नेत होती.

मोबाइलच्या काचेवर कोपऱ्यात कचऱ्याच्या डब्याचे चित्र होते. नको असलेले निरोप पुसायला स्पृहानेच त्यांना शिकवले होते. अंगठा त्या चित्रावर नेऊन त्यांनी परत घेतला. आजची दुपार नीट गेली, तर कालची पुसून टाकू, असे त्यांनी ठरवले. आणि हे ठरवताना आपण अगदी बारीक आवाजात, मनातल्या मनातही कुजबुजत होतो, हे त्यांच्या लक्षात आले.

स्पृहाने आमोदला पाजून त्यांच्या हाती दिले आणि ती पुन्हा आत गेली. आज त्यांनी वेताची खुर्ची दूर सारली आणि स्वयंपाकघरातले लाकडी स्टूल आणले. पाठ टेकायला जागा नाही, हे बरे. आमोदला पाळण्यात घातले, दोरी धरली. मुठी उघडल्या. खोली हळूहळू दाट झाली. थकवा आधी पापण्यांवर येत नाही. तो आधी शब्दांत येतो, शब्द एकमेकांना चिकटू लागतात. त्यांनी ढगांची नावे मनात म्हणायला सुरुवात केली, ती मधेच सरोजिनीच्या माहेरच्या माणसांची नावे झाली, आणि त्यातला एक मेव्हणा पावसाळी ढग होऊन खिडकीत बसला, तेव्हा त्यांनी जीभ चावली. दोरी चालू होती. दंड भरून आला, त्यांनी हात बदलला. मान खाली जाई तशी ती उचलत. पलीकडच्या खोलीतून स्पृहाचा इंग्रजी आवाज येत होता, समजूत घालणारा, न थकल्याचा बहाणा करणारा. आपल्या घरात आपण दोघेही एकाच वेळी पाळणे हलवत आहोत, असे काहीतरी त्यांच्या मनात येऊन विरून गेले.

आणि मग ती शिवण आली. आमोदने मान वळवली. त्याचे डोळे उघडले. पुरते नव्हे, खालची पांढरी कड दिसण्याइतके. यज्ञेश्वरांचा श्वास अडकला, पण हात अडकला नाही. नजर दोरीवर आली, दोरी हलत होती. नजर वर आली, आजोबा होते. डोळ्यांत ओळख आहे की नाही हे कळायच्या आत पापण्या मिटल्या, एक मोठा उसासा त्या एवढ्याशा छातीतून आला, आणि मूल पलीकडच्या तुकड्यावर गेले. इतकेच होते तर. रोज तो इथवर येत होता, एवढेच विचारत होता, आणि रोज त्याला कुणी उत्तर देत नव्हते. यज्ञेश्वरांना आनंद झाला. तो मावळायलाही फार वेळ लागला नाही. कारण उद्या पुन्हा दोरी होती, परवा होती, आणि आता दिवसभरात कुठेच, कोणत्याही कोपऱ्यात, त्यांच्या वाट्याची झोप शिल्लक नव्हती.

दार हलके उघडून स्पृहा आली तेव्हा ऊन पलीकडच्या भिंतीवर गेले होते. तिने पाळण्यात डोकावून तोंडावर हात ठेवला. “अजून झोपलाय?” ती कुजबुजली. “बाबा! काय केलंत काय?”

पडदा, असे म्हणता आले असते. कड्यांचे तेल म्हणता आले असते.

“जागा राहिलो,” यज्ञेश्वर म्हणाले.

ती हसली. मग ते हसू चेहऱ्यावर तसेच राहिले आणि त्याच्या मागचे कुठेतरी निघून गेले. यज्ञेश्वरांनी मोकळ्या हाताने खिशातला मोबाइल काढून दिला. “बघ. आणि केदारला दाखवू नकोस. जन्मभर नक्कल करेल माझी.”

तिने उभ्याउभ्याच पाहिले. यज्ञेश्वर दोरी ओढत तिच्याकडे पाहत राहिले, परीक्षेचा निकाल लावणाऱ्याकडे पाहावे तसे. पण ती ज्या जागी चेहरा बदलेल असे त्यांना वाटले होते, तिथे तो बदलला नाही. आमोद टक लावून आजोबांना न्याहाळतो, तिथे तिने चित्र थांबवले. “रात्री झोपत नाही तुम्ही,” ती म्हणाली. तो प्रश्न नव्हता. “मी याच्यासाठी उठते तेव्हा तुमच्या दाराखाली उजेड असतो. मला वाटायचं, वाचत बसता.”

“वाचतोच.”

“गेले सात महिने एकच पुस्तक?”

“जाड आहे.”

ती हसली नाही. “चुकलं आमचं, बाबा. खरंच. आम्ही आपलं गृहीत धरलं, घरात आहात तर बघाल. तुम्ही इतके दमलेले असता आणि वर ही ड्युटी. नको. दुर्गाबाईंकडे ठेवू याला. तुम्ही दुपारी दार लावून स्वस्थ झोपा.”

तिच्या आवाजात ठपका नव्हता. ठपका असता तर त्यांनी तो सोसला असता, त्याला उत्तरही दिले असते, पुण्यात जन्म काढलेल्या माणसाला ठपक्याचे उत्तर देता येते. ही माया होती, आणि मायेने ती त्यांची एकमेव जागा काढून घेत होती. दार लावलेली, पंखा चालू असलेली, आमोद नसलेली ती लांबच लांब दुपार त्यांना स्वच्छ दिसली. रात्रीचाच पांढरा तुकडा. बोलले पाहिजे होते. पण हे वाक्य कुठून सुरू होते? आयुष्यभर त्यांनी गरजेची वाक्ये दुसऱ्यांसाठी बोलली होती, याला हे हवे आहे, तिला ते लागेल. स्वतःला काही हवे असल्याचे वाक्य तोंडात बसेना.

“दार लावून येत नाही,” ते म्हणाले.

“मग उघडं ठेवा.”

“तसं नव्हे.” दोरी हातात ओली झाली होती. “याच्याजवळ येते. आणखी कुठे येत नाही. ही गेल्यापासून.”

आत लॅपटॉपमधून कुणीतरी स्पृहाचे नाव घेतले. पुन्हा घेतले. ती तिथेच, पाळण्याशेजारी फरशीवर बसली आणि तिने त्यांच्या हातातून दोरी काढून घेतली. तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळे त्यांनी आज पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिली. “मला तर कुठेही येते,” ती म्हणाली. “लिफ्टमध्येसुद्धा. पण आपला मजला फार लवकर येतो.” तिने दोरी ओढायला सुरुवात केली. “बाबा, डॉक्टर काय म्हणाल्या होत्या? झोपताना जे असतं, तेच मधे डोळे उघडल्यावर दिसायला हवं.”

“तेच तर. दोरी चालू हवी.”

“किंवा मग झोपतानाच दोरी नको.” ती त्यांच्याकडे न पाहता म्हणाली. “तुम्ही झोपलेले दिसलात की दचकतो ना तो? मग तुम्ही झोपलेले असतानाच झोपू दे त्याला. महिनाअखेरपर्यंत बघू. नाहीच जमलं, तर दुर्गाबाई आहेतच.”

“त्या कुठे जातात,” यज्ञेश्वर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पाळणा भिंतीला लावून ठेवला. खोलीच्या मधोमध दोन अंथरुणे घातली, एक मोठे आणि त्यापासून हातभर अंतरावर एक लहान. आमोदला ते मुळीच पटले नाही. त्याने पालथे होऊन पाळण्याच्या दिशेने तक्रार केली, आवाज चढवला, तोंड लाल केले. स्पृहा दारात आली; यज्ञेश्वरांनी हातानेच तिला परत पाठवले. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, थोपटला नाही, नुसता ठेवला, आणि रडे हुंदक्यांवर येऊन थांबले. मग त्यांनी हात काढून घेतला आणि स्वतः आडवे झाले.

आता नुसते झोपायचे होते. सगळ्या नोकरीत, संसारात, दुखण्यात त्यांना कुणी हे काम सांगितले नव्हते. त्यांनी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांवर ती नजर जाणवत होती, गोल, गंभीर, आजोबांच्या चेहऱ्यावर ठाण मांडून बसलेली. तोंड मिटून घ्यावे असे वाटले. ओठ आवळून घेतले, तर झोप आणखीच लांब पळाली. काल ज्या चेहऱ्याची त्यांना लाज वाटली होती, तो आता या मुलासमोर मुद्दाम उघडा टाकायचा होता, आणि त्याला तो घरातल्या भिंतीसारखा, पंख्यासारखा ओळखीचा होऊ द्यायचा होता. ते आधी झोपेचे सोंग घेऊन पडले. श्वास लांबवला. शेजारून एक लहान श्वास येत होता, तो त्यांच्यापेक्षा जलद होता. दोघांचे पाऊल काही एका वेळी पडेना. मधे चाहूल लागली, काहीतरी ओलसर बोट त्यांच्या बाहीला लागून दूर झाले. त्यांनी डोळे उघडले नाहीत. जबडा हळूच सुटला. सुटू दिला. बाहेर जिन्यात कुणाच्या तरी चपला वर आल्या, दारापाशी थांबल्या, पाटी वाचण्याइतका वेळ गेला, आणि त्या जपून खाली उतरल्या. त्या तळमजल्यापर्यंत पोहोचल्या का, हे यज्ञेश्वरांना कळले नाही. आतल्या खोलीत स्पृहा बोलत होती. बाहेरच्या खोलीत आधी कोण झोपले, हे सांगायला जागे असे कुणी उरले नव्हते.